भीड कुठे असते?

नाशिक जिल्ह्यातून एका ताईंनी लिहिलंय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्या ५४ वर्षांच्या, यजमान ५८ चे. सहकारी बँकेत शाखाधिकारी होते, दोन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मितभाषी, हिशेबी, शेजारच्या कॉलेजातल्या पोरीलाही 'अहो-जाहो' करणारा माणूस. गेल्या तीनेक वर्षांत तो पार बदलला. शेजाऱ्यांच्या दहाव्याला घाटावर सगळे कावळ्याची वाट बघत असताना हे मोठ्यांदा म्हणाले, 'त्यालाही डाएट सांगितलंय वाटतं,' आणि हसत सुटले. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या लहान मुलाच्या ताटातला गुलाबजाम उचलून खाल्ला. रात्री दोनला उठून गूळ, पेढे, साखर, मिळेल ते गोड. फोनवरच्या अनोळखी माणसाला ४० हजार रुपये पाठवले. विचारलं तर 'पाठवले' एवढंच उत्तर. ताईंना डेंग्यू झाला तेव्हा सलाइन लावलेल्या अवस्थेत त्या रडत होत्या. हे आले, उशाजवळचा बिस्किटांचा पुडा संपवला, 'रिमोट कुठे ठेवलायस?' विचारलं आणि निघून गेले.

सासूबाई म्हणतात, 'रिकामा पुरुष असाच होतो.' पुण्यातला मुलगा म्हणतो, 'बाबा मुद्दाम करतात, तू इकडे निघून ये.' जाऊबाईंनी 'बाहेरचं' असेल म्हणून एका बाबांकडे नेऊन आणलं. डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या, स्मरणशक्तीची चाचणी घेतली, तीसपैकी अठ्ठावीस मार्क मिळाले. एमआरआयच्या रिपोर्टात 'वयानुसार बदल' असं आलं. प्रत्येक एफडीची तारीख आणि जुन्या खातेदारांचे नंबर यांना आजही तोंडपाठ आहेत. ताई विचारतात, 'डोकं जर शाबूत आहे, तर हा माणूस मुद्दाम करतो असंच ना? एकतीस वर्षांच्या संसारानंतर मी याला सोडून जाऊ का?'

ताई,

दहाव्याचा प्रसंग वाचून मला आधी हसू फुटलं, हे कबूल करते. मग तिथे, त्या माणसांत, मान खाली घालून उभ्या असलेल्या तुम्ही डोळ्यांपुढे आलात.

मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते आणि नोकरीतली बरीच वर्षं न्यूरॉलॉजीच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर नातेवाइकांशी बोलण्यात गेली. निदान माझ्या हातात नाही, आणि नुसत्या पत्रावरून ते कुणी करूही नये. पण तुमच्या प्रश्नातला तो 'जर' मला खटकला. डोकं शाबूत आहे हे आपण कशावरून ठरवलं? एफडीच्या तारखांवरून.

आपल्याकडे डोकं म्हणजे पाठांतर, हे शाळेपासून पक्कं झालेलं आहे. पाढे येतात, सनावळ्या येतात, म्हणजे पोरगं हुशार. म्हातारपणी नावं आठवतात, म्हणजे आजोबा ठणठणीत. पण मेंदूत कामं वाटून दिलेली असतात. हा जेमतेम दीड किलोचा अवयव, शरीराच्या वजनाच्या दोनेक टक्के, आणि शरीराच्या एकूण ऊर्जेतला पाचवा हिस्सा एकटा फस्त करतो. नव्या आठवणी बसवण्याचं काम कानाच्या पातळीला आत खोलवर असलेल्या हिप्पोकॅम्पसचं. आकार समुद्रघोड्यासारखा, नावही त्यावरूनच पडलंय. अल्झायमर बहुतेकदा याच भागात आधी शिरतो, म्हणून त्यात सकाळी काय खाल्लं ते जातं आणि लग्नातला मानपान लख्ख आठवतो. कपाळामागचा भाग, ज्याला फ्रंटल लोब म्हणतात, तो निराळ्याच खात्याचा. मेंदूच्या बाहेरच्या थराचा जवळपास तिसरा हिस्सा त्यानेच व्यापलेला असतो. मनात आलेलं ओठांवर येण्याआधी थोपवणं, उचललेला हात मागे घेणं, इथे काय शोभतं आणि काय नाही याचा अंदाज घेणं, ही त्याची कामं. आपण ज्याला भीड म्हणतो, पोच म्हणतो, तारतम्य म्हणतो, ते बरंचसं इथे सांभाळलं जातं. 'जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग' असं सुनावतो ना आपण कुणाला? त्या दोन्ही लाजा राहतात याच पेठेत. हा भाग पिकतोही सगळ्यात उशिरा, पंचविशीच्या आसपास. घरात वयात आलेला मुलगा वाढवलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

या दोन खात्यांची फारकत समजायला दोन माणसं आठवावीत. अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये १९५३ साली हेन्री मोलेसन नावाच्या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूचं ऑपरेशन झालं. फिट्स आवरत नव्हत्या म्हणून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढून टाकला. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर नवी गोष्ट लक्षातच राहीना. २००८ साली वारला तोवर वर्षानुवर्षं भेटणाऱ्या संशोधकांनाही तो नव्याने भेटल्यासारखा भेटायचा. पण माणूस शेवटपर्यंत नम्र, गोड, हलकासा विनोद करणारा. स्मरणशक्तीच्या चाचणीत साफ नापास, पण पंगतीत बसवायला अगदी लायक.

दुसरा त्याच्या उलट. १३ सप्टेंबर १८४८. व्हरमाँट राज्यातलं कॅव्हेंडिश गाव, रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचं काम. फिनिअस गेज नावाचा २५ वर्षांचा मुकादम पहारीने सुरुंगाची दारू ठासत होता. स्फोट झाला आणि मीटरभराहून लांब, सहा किलोची ती पहार डाव्या गालाखालून शिरून डोक्याच्या माथ्यातून बाहेर पडली. गेज वाचला. थोड्याच वेळात बोलायलाही लागला, आठवणी जागच्या जागी. पण कामावर शहाणा आणि भरवशाचा म्हणून नाव असलेला तो मुकादम शिवराळ, लहरी, कुणाचं न ऐकणारा झाला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. हार्लो यांनी नोंदवून ठेवलंय की हा आता आमचा गेज राहिला नाही, असं त्याचे मित्र म्हणत. गेजवर अजूनही वाद चालतात आणि पुस्तकांनी त्याला जरा जास्तच रंगवलाय हेही खरं. पण आठवण टिकून भीड जाऊ शकते, एवढं त्याने जगाला दाखवलं.

पहार न लागताही हे होतं. १८९२ साली प्रागमध्ये अर्नोल्ड पिक यांनी मेंदूचा पुढचा आणि बाजूचा भाग झिजत जाणाऱ्या आजाराचं वर्णन केलं. आज त्या गटाला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणतात. तो बरेचदा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो. एका प्रकारात आधी भाषा जाते. हॉलिवूडचा नट ब्रूस विलिस याला हा आजार असल्याचं घरच्यांनी २०२३ साली जाहीर केलं, त्याच्यातही आधी बोलण्याचीच अडचण पुढे आली होती. दुसऱ्या प्रकारात आधी वागणं जातं. गोडाची खा-खा, नको तिथे हसणं, पैशाचं भान सुटणं, आवडीच्या गोष्टींतून मन उडणं, घरच्यांच्या दुखण्याकडे कोऱ्या नजरेने बघणं, आणि एवढं होऊन 'मला काय धाड भरलीय?' असं मनापासून वाटणं. तुमच्या पत्रातली यादी आणि ही यादी शेजारी ठेवली तर मला काळजी वाटते, यापलीकडे मी काही म्हणणार नाही.

मग तीसपैकी अठ्ठावीस मार्क कसे पडले? त्या चाचणीत आजची तारीख, गावाचं नाव, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा, असं विचारतात. वजाबाकी तर तुमच्या यजमानांनी आयुष्यभर केली. जे बिघडलंच नाही ते तपासलं, आणि ते चांगलं निघालं. कपाळामागच्या भागाची तपासणी वेगळी असते. आमच्या ओपीडीत एक गृहस्थ आले होते, पेशाने हिशेबनीस. डॉक्टर म्हणाले, 'मी टेबल एकदा वाजवलं की तुम्ही एकदा वाजवा. मी दोनदा वाजवलं की तुम्ही वाजवायचंच नाही.' नियम काय, विचारल्यावर त्यांनी अचूक सांगितला. मग डॉक्टरांनी दोनदा वाजवलं. त्यांनीही दोनदा वाजवलं. पुन्हा नियम विचारला, पुन्हा बरोबर सांगितला, आणि पुन्हा दोनदा वाजवलं. हात थांबेना. त्यांची बायको शेजारी बसून ते टेबल बघत होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, 'मी सहा महिने यांच्याशी भांडतेय हो, की कळतं तर वळत का नाही.'

तुमच्या 'मुद्दाम'चं उत्तर मला त्या टेबलात दिसतं. दहाव्याला हसावं का, असं यजमानांना घरी शांतपणे विचाराल तर ते बहुधा 'छे' म्हणतील. म्हणून तुमच्या मुलाला वाटतं की बाबांना सगळं कळतं. कळत असेलही. कळलेलं त्या क्षणी आड येत नसेल. मुद्दाम वागायला समोरच्याला काय वाटेल याचा हिशेब मांडावा लागतो, आणि हा हिशेबच जर मांडता येत नसेल, तर मुद्दामपणा करायलाही माणूस असमर्थ असतो.

डेंग्यूच्या वॉर्डातला प्रसंग तुम्ही पत्रात दोनदा लिहिलाय, एकदा मधे आणि एकदा शेवटी. तो सल मी शब्दांनी काढू शकत नाही. फक्त एक सांगते. दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी दिसल्यावर आपल्या पोटात जे कालवतं, तेही मेंदूचंच काम आहे, आणि या आजारात झिजतात त्यात हे काम करणारे भागही असतात. त्यांनी तुमचं रडणं पाहिलं आणि दुर्लक्ष केलं असं तुम्ही धरून चाललात. ते रडणं त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नसेल, अशीही शक्यता आहे. समोर बिस्किटं होती, ती पोहोचली.

आता सासूबाईंचं म्हणणं घेऊ. निवृत्ती दोन वर्षांपूर्वी, असं तुम्हीच लिहिलंय, आणि बदल तीन वर्षांपासून. म्हणजे रिकामपणाच्या आधीच हे सुरू झालं होतं. तेव्हा उलटं विचारून बघा: आयुष्यभर सांभाळून चाललेल्या माणसाने ५६ व्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती का घेतली? शाखेतल्या एखाद्या जुन्या सहकाऱ्याला चहाला बोलवा आणि शेवटच्या वर्षात काय काय झालं ते मोकळेपणी सांगायला सांगा. ग्राहकांशी वाद, चुकीच्या सह्या, वरिष्ठांना तोंडावर काही बोलणं. लोक भिडेखातर तुमच्यापासून हे लपवून ठेवतात.

आणि कदाचित हा आजार नसेलही. तो नसावा अशीच माझी इच्छा आहे, कारण असंच वागणं आणणारी काही कारणं बरी होतात. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, पडल्यावर कवटीच्या आत हळूहळू साचलेलं रक्त, कपाळामागे वाढणारी साधी गाठ, दारू, उतारवयात उफाळलेला मनाचा आजार. म्हणून 'डिमेन्शिया नाही' किंवा 'डिमेन्शियाच आहे', दोन्हींवर घाईने शिक्का मारू नका. न्यूरॉलॉजिस्टकडे जा. एमआरआयचा नुसता कागद नेऊ नका, फिल्म किंवा सीडी न्या. 'वयानुसार बदल' हे ५८ व्या वर्षी जरा सैल वाक्य आहे. पुढच्या भागाची झीज वेगळी बघितली का, असं सरळ विचारा. सुरुवातीला एमआरआय स्वच्छ दिसू शकतो, मग डॉक्टर पेट स्कॅन (मेंदूचा कोणता भाग किती काम करतोय ते दाखवणारी तपासणी) किंवा न्यूरोसायकॉलॉजिस्टची सविस्तर चाचणी सुचवतील. जिल्ह्याच्या ठिकाणी हे सगळं नसेल तर मुंबईच्या मोठ्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत मिळतं. बंगळुरूची निमहान्स ही मेंदू आणि मनाच्या आजारांची संस्था तर याच कामासाठी ओळखली जाते.

डॉक्टरांपुढे एक अडचण हमखास येते. पेशंट नीटनेटका बसतो, 'मी एकदम फिट' म्हणतो, आणि त्याच्यासमोर बायको काय बोलणार? म्हणून आजपासून वही घाला. तारीख, प्रसंग, कोण हजर होतं, आधी हा माणूस अशा वेळी कसा वागला असता. विशेषणं नकोत, प्रसंग हवेत. 'बेशरम झालेत' यातून डॉक्टरांना काही कळत नाही. ताटातल्या गुलाबजामातून खूप कळतं. ती दोन पानं आत जाण्याआधी चिठ्ठीसारखी पाठवा, किंवा मुलाला एकट्याला आधी बोलू द्या. हातापायातली ताकद कमी झाल्यासारखी वाटली, घास अडकू लागला, तर तेही लिहा. सासूबाईंना गप्पांच्या ओघात विचारा की सासऱ्यांकडे कुणी पन्नाशी-साठीत 'चळलं' होतं का. काही घराण्यांत हा आजार पिढ्यांतून येतो, सगळ्यांत नाही. मुलाला घाबरवण्यासाठी नव्हे, डॉक्टरांना सांगण्यासाठी हे हवंय.

गोळ्या मनाने बंद करू नका. डिप्रेशनसाठीच्या काही गोळ्या अशा वागण्याची धार कमी करायलाही देतात. मात्र कुणाच्या तरी आजीला लागू पडलेली 'आठवणीची गोळी' आणून देऊ नका. या आजारात ती उपयोगी पडत नाही, कधी चिडचिड वाढवते. हा झिजण्याचा आजार निघाला तर तो थांबवणारं औषध आज नाही. हे कडू आहे, पण बाबांच्या दारात पुन्हा पैसे घालण्याआधी माहीत असलेलं बरं.

पैशाचं मात्र निदानासाठी थांबू नका. खाती 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणालाही चालवता येतील अशी, करून घ्या, मोठी रक्कम एफडीत टाका, त्यांच्या फोनला जोडलेल्या खात्यात थोडेच पैसे ठेवा आणि यूपीआयची मर्यादा कमी करा. पुन्हा फसवणूक झाली तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, तासाभराच्या उशिरानेही फरक पडतो. कुलमुखत्यारपत्र केलं की निश्चिंत झालो असं अनेकांना वाटतं. पण ते देणारा माणूस सारासार विचार करण्यापलीकडे गेला की आपल्याकडच्या कायद्याने ते संपतं. मग पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते. तेव्हा जे करायचं ते आत्ता, वकिलांच्या सल्ल्याने, आणि त्यांना समोर बसवून, समजावून. झोपेत अंगठा घेतल्यासारख्या सह्या घेऊ नका. तो माणूस अजून त्या घरात आहे.

घरात त्यांना बदलायला जाल तर थकाल, आजूबाजूचं बदला. गोड कुलपात, डायनिंग टेबलावर फळं आणि फुटाणे. 'असं का केलंत?' हा प्रश्न सोडून द्या, त्याला उत्तर नाही. विषय बदलून हाताला धरून दुसऱ्या खोलीत नेणं जास्त वेळा साधतं. तो गेज आठवतो ना? पुढे काही वर्षं त्याने चिलीमध्ये घोडागाडी हाकली. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, ठरलेली कामं. त्यामुळेच त्याचं बरं चाललं असावं असं काही अभ्यासकांना वाटतं. तुमच्या यजमानांनाही रोज त्याच वेळी फिरणं, त्याच दुकानातून दूध, जुन्या वह्यांतल्या आकड्यांची बेरीज, असा दिवस बांधून द्या. आकडे अजून त्यांचे आहेत, ते वापरा.

बाहेर जाताना व्हिजिटिंग कार्डाएवढ्या चिठ्ठ्या पर्समध्ये ठेवा: 'माझ्या पतींना मेंदूचा आजार आहे. त्यांच्या बोलण्याचा राग मानू नये.' निदान झाल्यावर हं. समोरच्याच्या हातात गुपचूप द्यायची, पुढे बोलायची गरज नाही. अशी चिठ्ठी वाचून ओरडणारा दुकानदार खुर्ची पुढे करतो, हे मी पाहिलंय. आणि दहाव्या-तेराव्याला काही काळ एकट्या जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

राहिला सोडून जाण्याचा प्रश्न. तुम्ही दोनच दारं दाखवलीत: आयुष्यभर सोसायचं, किंवा कायमचं निघून जायचं. मधली दारं बरीच आहेत. मुलगा 'तू इकडे ये' म्हणतो, त्याला सांगा, 'तू पंधरा दिवस इथे ये, मी तुझ्याकडे जाते.' बाबा मुद्दाम करतात की नाही हे त्याला फोनवरून कळणार नाही. रात्री दोनच्या डब्यांच्या आवाजाने कळेल. दिवसा चार तासांसाठी एखादा माणूस ठेवा. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून काम करते, या आजाराच्या पेशंटच्या घरच्यांशीही बोलते. रात्री अगदीच जीव घुसमटला तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो. पण त्यांचा हात उठला, गॅस उघडा राहू लागला, तुम्हाला घरात भीती वाटू लागली, तर त्या दिवशी निघा आणि मग विचार करा. आजार आहे म्हणून मार खायचा नसतो.

आणि राग येतो म्हणून स्वतःला दोष देऊ नका. माणूस समोर बसलेला असताना त्याचं सुतक मनात चालू असतं, आणि त्या सुतकाला ना दहावा ना तेरावा. बाकावरच्या कितीतरी बायका मला हे निरनिराळ्या शब्दांत सांगून गेल्या. एक जण तर नवऱ्याच्या जुन्या पत्रांना 'आमचे हे' म्हणायची आणि घरातल्या माणसाला 'ते'. दोघांनाही वेळेवर जेवायला घालते, म्हणायची.

न्यूरॉलॉजिस्टची वेळ मिळाली की मला कळवा. जाताना वही, सीडी, औषधांची पाकिटं आणि मुलगा, एवढं सोबत असू द्या. आणि पोळीभाजीचा डबा. ओपीडीची रांग दुपारपर्यंत हलत नाही, आणि शेजारच्या बाकावर कुणीतरी हमखास बिस्किटं खात असतं.